कीमनचे कान

माझ्या सासऱ्यांनी मुलगी देताना भावकीत सांगितलं होतं की जावयाकडे अख्ख्या स्टेशनच्या चाव्या असतात. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. माझ्या नोकरीच्या कागदावर हुद्दा लिहिला होता ‘कीमन’, आणि आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत ज्यांना चार बुकं इंग्रजी येत होतं त्यांनी सरळ अर्थ लावला, ‘की’ म्हणजे चावी आणि ‘मन’ म्हणजे माणूस. लग्नानंतर आठ दिवसांनी बायकोने माझी पिशवी उघडून बघितली. आत एक मोठा पाना, दोन लाल झेंडे, एक हिरवा झेंडा, फटाक्यांचा पत्र्याचा डबा आणि फडक्यात बांधलेली भाकरी. "आणि चाव्या कुठं हायत?" तिने विचारलं. मी म्हणालो, "रुळाला." तिला वाटलं, मी तिची थट्टा करतोय. दोन दिवस बोलली नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला बजावलं आहे, मुजावर, कामाबद्दल लिहा पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं लिहू नका. बरंच झालं. एकतीस वर्षं मी हातकणंगले आणि रुकडीच्या मधल्या रुळांवरून रोज जात होतो आणि रोज परत येत होतो. ते सगळं लिहिलं तर वाचणाऱ्याचे पाय दुखतील.

चाव्यांनी मात्र शेवटपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही. एकदा हातकणंगले स्टेशनवर एका पावण्याच्या बॅगेचं कुलूप अडकलं. आत नवरदेवाचा फेटा आणि अंगठी, लग्न दोन तासांवर. तिकीट खिडकीवरच्या माणसाला चेष्टा करायची हुक्की आली, त्याने पावण्याला सांगितलं, कीमनला गाठा. पावणं रुळाकडेने धावत माझ्यापर्यंत आलं, डोक्यावर बॅग. मी समजावलं, की बाबा, माझ्या चाव्या वेगळ्या. तो रडकुंडीला आला. शेवटी मी बॅग खडीवर ठेवली आणि कुलपावर एक हातोडा घातला. कुलूप उघडलं. पावणं पाया पडलं आणि जाताना म्हणालं, "म्हंजी हाय की तुमच्याकडं चावी!"

आता बाहेरच्या माणसाला हे काम नक्की काय असतं ते सांगतो. रूळ जमिनीवर नुसते टाकलेले नसतात, खाली आडव्या टाकलेल्या ओंडक्यांना, म्हणजे स्लीपरना, ते घट्ट धरून ठेवावे लागतात. पूर्वी रुळाचं पाऊल, म्हणजे त्याचा खालचा रुंद भाग, आणि स्लीपरवरची लोखंडी पकड यांच्या फटीत एक लोखंडी पाचर ठोकून बसवायचे. त्या पाचरीला म्हणायचं चावी, इंग्रजीत की. गाडी गेली की रूळ थरथरतात आणि पाचर हळूहळू मागं सरकते. दहा गाड्या गेल्या की ती सैल होते, पन्नास गेल्या की पडते. म्हणून रोज एक माणूस आपल्या वाट्याच्या पाच-सहा किलोमीटरवर पायी फिरतो. जाताना एका रुळाच्या बाजूने, येताना दुसऱ्या. सैल चावी दिसली की ठोकायची, बोल्ट ढिला असेल तर आवळायचा, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. या वाट्याला आम्ही बीट म्हणतो. पुढं सिमेंटचे स्लीपर आले, पाचरी गेल्या, त्यांच्या जागी वळवलेल्या जाड सळईच्या क्लिपा आल्या. हुद्दा तोच राहिला.

ठोकण्यात एक मेख आहे. घट्ट बसलेल्या लोखंडावर हातोडा मारला की ‘टण्’ वाजतं. सैल असेल किंवा आत कुठं चिरलेलं असेल तर ‘बद्द’ वाजतं. डोळ्यांना चकवा बसतो, धुक्यात बसतो, ग्रीस आणि धूळ बसलेली असली तर भर उन्हातही बसतो. कानाला बसत नाही. उमेदीच्या काळात माझा कान असा होता की गँगमधली, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतली, माणसं पैज लावायची. मी पाठ करून उभा राहायचो, कुणीतरी वीस चाव्या ओळीने ठोकत जायचा आणि मी सांगायचो, सातवी आणि तेरावी. एकदाही चुकलो नाही. ‘मुजावरचा कान’ असं अख्ख्या सेक्शनात म्हणायचे, आणि ते मला फार आवडायचं. आज कबूल करायला हरकत नाही, माझ्या नावापेक्षाही ते मला जास्त आवडायचं.

माझ्या वाटेत रुकडीच्या अंगाला रुळापासून पन्नास पावलांवर खोत सरांचं घर होतं. हायस्कूलमध्ये आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. सकाळी ओसरीत बसलेले असायचे आणि मी दिसलो की कुंपणापाशी येऊन चहाचा कप पुढं करायचे. एक दिवस मी वैतागून त्यांना सासऱ्यांचा किस्सा सांगितला आणि म्हणालो, सर, या इंग्रजांना दुसरा शब्द मिळाला नाही काय? सर हसले. दुसऱ्या दिवशी कुंपणावर चहाबरोबर हा एवढा जाड कोश.

"मुजावर, तुमच्या हुद्द्याचे दोन तुकडे आहेत," सर वर्गात सांगावं तसं सांगू लागले. "पहिला तुकडा की. हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीही होता. पण त्याच्या मागं कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या भाषांतही त्याचे फारसे नातेवाईक सापडत नाहीत. अनाथ शब्द आहे. एका विद्वानाचा अंदाज असा, की मुळात की म्हणजे टोकाला वाकवलेली खुंटी."

मी पिशवीतून क्लिप काढून त्यांच्या हातात दिली. वळवलेली, वाकड्या टोकाची. सर ती बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले. म्हणाले, "अंदाजच आहे हो. पण मला पटायला लागलाय."

"आणि दुसरा तुकडा?"

"मन. आज त्याचा अर्थ पुरुष. पण जुन्या इंग्रजीत मन म्हणजे नुसता माणूस. बाईसुद्धा मनच. पुरुषाला वेगळा शब्द होता, बाईला वेगळा. पुढं पुरुषांनी सगळ्यांचा शब्द स्वतःपुरता करून घेतला. बाईला जो वुमन म्हणतात ना, त्याच्या शेपटीलाही हाच जुना मन बसलेला आहे."

मला तेव्हा पहिला तुकडा जास्त भावला. अनाथ शब्द, वाकडी खुंटी, हे मी गँगमध्ये जाऊन मोठ्या रुबाबात सांगितलं. दुसरा तुकडा विसरून गेलो. निवृत्तीला तीन वर्षं राहिली तेव्हा तो पुन्हा आठवायची वेळ आली.

तेव्हा आमच्या गँगमध्ये संगीता कांबळे आली. पस्तिशीची, सडपातळ, हातकणंगल्याजवळच्या एका गावची. नवरा दूरच्या एका सेक्शनात गँगमध्ये होता, रुळावर काम करताना गाडीखाली गेला. त्याच्या जागी हिला नोकरी मिळाली. घरी नववीतली मुलगी. पहिल्या दिवशी सगळ्यांना "जयभीम" घालून ती सरळ खडीच्या ढिगाकडे गेली आणि फावडं उचललं. बोलणं कमी. आणि आमच्या भागातल्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल बोलताना ‘येतो, जातो’च म्हणतात, तशी तीही म्हणायची.

आमच्या सेक्शनच्या साहेबांनी ठरवलं, मुजावर जायच्या आत दुसरा कीमन तयार झाला पाहिजे. मुकादमाने विचारलं, कोण जाणार? रोज बारा किलोमीटर एकट्याने उन्हातान्हात चालायचं, कुणी हात वर केला नाही. मागून संगीता म्हणाली, "मी जातो."

दिनकर मुकादम म्हणजे माझा जुना मित्र, मनाने वाईट नाही, पण डोकं रुळासारखं सरळसोट. म्हणाला, "कीमन म्हंजी मन. त्यात बाईमाणूस कुठनं आलं?"

मला खोत सर आठवले. मी म्हणालो, "दिनकर, जुन्या इंग्रजीत बाईला पण मनच म्हणत हुते. कोशात हाय."

"कोशात असंल. रुळावर न्हाय."

सगळे हसले, मीही हसलो. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते, कारण मी तरी ते कुठं मनापासून बोललो होतो? गंमत म्हणून बोललो होतो. संगीता हसली नाही. तिने फक्त विचारलं, "मग उद्या किती वाजता यायचं?" दुसरा कुणी तयारच नव्हता, त्यामुळे साहेबांनी तिचं नाव लिहिलं. मुकादमाने बजावलं, शिकायला पाठवतोय, बीट देणार असं कुणी समजू नये.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे जी तोवर मी कुणालाही सांगितलेली नव्हती, बायकोलाही नाही. माझे कान जात होते. तीस वर्षं लोखंडावर लोखंड हाणल्यावर दुसरं काय होणार? आधी पाखरं गेली. मग अजान अंधूक झाली, मी म्हणायचो मशिदीचा भोंगा बिघडलाय. मग ‘टण्’ आणि ‘बद्द’ यांतला फरक गेला. मी हातोड्याच्या दांड्यातून हाताला काय जाणवतं त्यावर भागवू लागलो. बरंचसं भागायचंही. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि आपण ते परत म्हणायचे. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. मी काचेत त्यांच्या ओठांकडे बघून आकडे सांगायचो. सगळे बरोबर. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढा कान!

त्यातच आमच्या लाईनीवर विजेच्या तारा आल्या. डिझेलची गाडी मैलभरावरून कळायची, पायाखालची जमीन सांगायची. विजेचं इंजिन गुपचूप येतं.

संगीता माझ्या मागं दहा पावलांवर चालायची. शिकायला हुशार. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट म्हणजे काय, झेंडा कुठं धरायचा, रुळाखाली खडी बसली की खळगा कसा ओळखायचा, हे सगळं तिने महिन्याभरात घेतलं. आवाजाचं मी तिला एकदा समजावलं, ‘टण्’ कसा आणि ‘बद्द’ कसा, तोंडाने करून दाखवलं. तिने स्वतः ठोकून, डोळे मिटून ऐकलं. मग रोज विचारायची, "चाचा, ह्यो कसला आवाज?" आणि मी ऐकू न येताच सांगायचो, "बरोबर हाय, चल."

तिची एकच खोड मला पटत नव्हती. गाडी यायची झाली की ती पुढं धावत यायची, माझ्या कोपराला धरायची आणि मला रुळावरून बाजूला घ्यायची. रोज, प्रत्येक गाडीला. मला वाटायचं, नवऱ्याच्या प्रसंगामुळं पोर भेदरलेली आहे. मी आधी समजुतीने घेतलं, मग खेकसायला लागलो. "अगं भितीस कशाला एवढी? मी हाय न्हवं? भित्र्या माणसाचं काम न्हाय हे." ती मान खाली घालून "व्हय चाचा" म्हणायची. पुढची गाडी आली की पुन्हा कोपराला हात.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी थंडी फार, ऊस तुटलेल्या रानात पाणी सोडलेलं, त्यात बगळे उभे. थंडीत रूळ आखडतो, जोडाच्या ठिकाणी ताण येतो, म्हणून त्या दिवसांत आम्ही जास्त जपतो. एका जोडापाशी मी हातोडा मारला आणि पुढं गेलो. मागून हाक आली, पण ती मला ऐकू आली नाही. तिने धावत येऊन दंड धरला.

"चाचा, थांबा की. बद्द वाजलं."

"कुठं?"

"मागच्या जोडाला."

"मी मारलाय हातोडा. मला कळलं नसतं?"

"बद्द वाजलं, चाचा."

मला राग आला. वीस चाव्यांतली सातवी सांगणारा मी, आणि ही मला शिकवणार! पण ती माझ्या हातातून हातोडा घेऊन मागं गेली सुद्धा. पुन्हा मारला. माझ्याकडे बघितलं. मला काहीच वेगळं वाटलं नाही. मी वाकून रुळावर तळवा ठेवला. थंड लोखंड, बाकी काही नाही. तिने गुडघे टेकले, ओढणीच्या टोकाने जोडावरचं दव आणि काळं ग्रीस पुसलं, आणि बोट ठेवलं. केसाएवढी रेघ. वरपासून खालपर्यंत.

मी स्टेशनला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवायची मी सवयच करून घेतली होती. मास्तर ओरडले, "रुकडीवरनं पॅसेंजर सुटली!" आमच्या लाईनीवर जाणं-येणं एकाच रुळावरून. माझे गुडघे धावायचे राहिले नव्हते. मी तिला काही सांगायच्या आत तिने पिशवीतून फटाक्यांचा डबा आणि लाल झेंडा काढला आणि ती रुकडीच्या दिशेने पळत सुटली. फटाका म्हणजे दिवाळीचा नव्हे. बिल्ल्याएवढी डबी असते, ती रुळावर बसवायची, इंजिनाचं चाक चढलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हर समजतो, पुढं धोका आहे.

मी तड्यापाशी उभा राहून बघत होतो. ती वळणापर्यंत गेली, एक फटाका बसवला, झेंडा उघडून थोडी अलीकडं येऊन उभी राहिली. मग वळणावरून इंजिन दिसलं. गाडीत माणसं होती, कामाला निघालेली, कॉलेजची पोरं, दूधवाले. मी दोन्ही हात वर करून उभा होतो आणि बार व्हायची वाट बघत होतो. बार झालाच नाही. आणि तेवढ्यात रानातले सगळे बगळे एकदम उडाले.

बार झाला होता. मला ऐकू आला नव्हता.

गाडी संगीतापासून थोड्या अंतरावर येऊन थांबली. मी खडीवर मटकन खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा घाबरला. मी घाबरलोच होतो, पण गाडीला नाही.

साहेब ट्रॉलीवरून आले, तड्याला दोन्हीकडून पट्ट्या आवळून बांधल्या, गाडी हळूहळू पुढं गेली. रीतीप्रमाणे अहवालात एकच ओळ जाते, ‘बीटवरील कीमनने तडा शोधला’. बीट माझं, म्हणून नाव माझं. दोन दिवसांनी स्टेशनवर छोटासा कार्यक्रम झाला. साहेबांनी मला हार घातला, प्रशस्तिपत्र दिलं आणि म्हणाले, "मुजावरच्या कानाला माझा सलाम." टाळ्या वाजल्या. दिनकर मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून म्हंतो, ह्या कामाला मुरलेला मनच लागतोय!" कोपऱ्यात उभी राहून संगीताही टाळ्या वाजवत होती. तिच्या टाळ्यांत जरासुद्धा खोट नव्हती, आणि मला त्या सगळ्यांत जास्त लागल्या.

तरी मी बोललो नाही. आठ दिवस बोललो नाही. कान गेले म्हटलं तर रुळावरचं काम जाणार, कुठंतरी बसवून ठेवणार, हे होतंच. पण खरं कारण ते नव्हतं. ‘मुजावरचा कान’ ही माझी आयुष्यभराची कमाई होती आणि ती खोटी झाली हे माझ्या तोंडाने सांगायचं होतं. ते सुचत नव्हतं. घरी बायकोने प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं. मी जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो.

नवव्या दिवशी आम्ही कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या, आमच्या भाषेत मोरीच्या, कठड्यावर भाकरी खायला बसलो होतो. मी विचारलं, "संगीता, त्या दिवशी तू साहेबांना सांगितलं का न्हाईस? तडा तू धरलास."

"तुमी शिकवलं म्हणून धरला की."

"तसं न्हवं. तुला ठाऊक हाय न्हवं माझ्या कानाचं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "पयल्या आठवड्यापास्नं ठाऊक हाय."

"मग?"

"मी कसं सांगू, चाचा? तुमचं तुमी सांगायचं." मग ती कालव्याच्या पाण्याकडं बघत बोलू लागली. "मुलीच्या पप्पाला गाडी ऐकू आली न्हाय. खडी दाबायचं मशीन चालू हुतं शेजारी. संगं माणसं हुती, पर लांब. नंतर सगळी मला म्हणायची, आमी वरडलो, लई वरडलो. वरडून काय करायचं? कुणीतरी हात लावायला पायजे हुता. एवढंच. कोपराला धरून एवढं हिकडं घ्यायचं हुतं."

तिने हाताने अंतर दाखवलं. वीतभर.

मी तिला भित्री म्हणत होतो. रोज, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक गाडीला. मी उठून मोरीच्या पलीकडे गेलो आणि तिथं उभा राहून रडलो. मोठ्याने रडलो असणार, मला माझा आवाजही नीट कळत नव्हता. ती आली नाही. तिने मला रडू दिलं. परत आलो तेव्हा माझ्या भाकरीवर तिने तिच्यातली वांग्याची भाजी वाढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम भिंतीवरून काढली. बायकोने विचारलं, तेव्हा तिला बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटत हुतं, तुमी माझं मुद्दाम ऐकत न्हाय." आणि डोळ्यांना पदर लावून हसायला लागली.

साहेबांच्या टेबलावर मी ती फ्रेम उलटी ठेवली. म्हणालो, "साहेब, हे माझं न्हाय." तडा कुणी ऐकला, कुणी पुसला, कोण पळालं, सगळं सांगितलं. कपाटाच्या काचेचंही सांगितलं. साहेब तरुण होते, त्यांना आधी माझा राग आला. "किती माणसं बसतात गाडीत, मुजावर? ठाऊक आहे?" मी म्हणालो, ठाऊक आहे. त्यांनी टेबलावरची फ्रेम सरळ केली. मग विचारलं, "गेले चार-पाच महिने मग या बीटवर रूळ ऐकतंय कोण?"

"संगीता कांबळे."

दिनकर मुकादम दाराशीच उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आता पळाली ती, आमी काय म्हणायचं." त्याच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

पुढं माझी पुन्हा तपासणी झाली. या वेळी मी डोळे मिटून बसलो. विसांतले चार आकडे सांगता आले. मला रुळावरून काढून कोल्हापूरच्या भांडारात बसवलं, पाने आणि क्लिपा मोजून द्यायला. कारवाईचं पत्रही आलं, एक वेतनवाढ थांबली. हक्काची शिक्षा होती, मी सही करून घेतली. कानामागे मशीन आलं. अंगावर केशरी जाकीट नाही, पायाखाली खडी नाही, पहिले काही दिवस घरातसुद्धा मी कुठंतरी रजेवर आल्यासारखा वागत होतो.

संगीताच्या बीटचा हुकूम निघाला त्या सकाळी मी मुद्दाम हातकणंगल्याला गेलो. ती फलाटाच्या टोकाशी निघायच्या तयारीत होती, खांद्याला पिशवी, हातात हातोडा. मला वाटलं होतं, पोर आनंदात असेल. तिचा चेहरा रोजच्यासारखाच.

मी म्हणालो, "झालं की गं. बीट मिळालं तुला. दिनकरनं सोताच्या हातानं कागद दिला म्हणं. आता तरी हास."

"बीट आज न्हाय तर उद्या मिळालं असतं, चाचा," ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज कापत होता, तो मला मशीनमधून स्पष्ट कळला. "मी त्येच्यासाठी तुमच्या मागनं फिरत न्हवतो. तुमी रुळावरनं खाली उतरलासा, मला तेवढंच पायजे हुतं."

ते मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी मी कानामागं हात धरला आणि म्हणालो, "काय म्हणालीस?"

आणि संगीताने ते पुन्हा सांगितलं, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.